दोन पाट्यांची कुळकथा

मॉलमधलं फूड कोर्ट ही आपल्या न्यू जर्सीकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. शाळेची खरेदी असो, थंडीचे कोट असोत की भारतातून आलेल्या पाहुण्यांना 'अमेरिका दाखवणं' असो, सगळ्याचा शेवट तिथल्या प्लास्टिकच्या ट्रेवर होतो. फूड कोर्टाचं माहेरही आपल्याच राज्यात आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसेल. १९७१ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या प्लिमथ मीटिंग मॉलमध्ये हा प्रयोग झाला आणि फसला. १९७४ मध्ये पॅरामसचा 'पॅरामस पार्क' मॉल उघडला, आणि तिथलं फूड कोर्ट देशातलं पहिलं यशस्वी फूड कोर्ट मानलं जातं. गंमत म्हणजे, रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा जुना कायदा बर्गन काउंटीत आजही पाळतात. जगाला मॉलमध्ये जेवायला शिकवणाऱ्या गावात सुटीच्या दिवशी मॉलच बंद!

या फूड कोर्टांत अलीकडे एका नव्या वळणाचं दुकान दिसू लागलं आहे. लाकडी फळ्यांची सजावट, काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू, आणि भाव शेजारच्या पिझ्झावाल्याच्या दीडपट. आमच्या गावाजवळच्या मॉलमध्येही असं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर दोन शब्द आहेत. 'ऑरगॅनिक' हा दुकानाच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत, आणि 'व्हेगन' हा मोजक्या पदार्थांपुढे, हिरव्या पानाच्या चित्राशेजारी, बारीक अक्षरांत. माझी सोळा वर्षांची लेक दीड वर्षापासून व्हेगन आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, तूप आणि मधसुद्धा नाही. त्यामुळे आमच्या घराला या बारीक अक्षरांचं महत्त्व फार.

मी डॉक्टरेट केली ती केमिकल इंजिनिअरिंगमध्ये आणि पोट भरते ते सॉफ्टवेअर लिहून. या दोन्ही विद्यांनी मला एक खोड लावली आहे. एखादा शब्द दिसला की त्याची व्याख्या कोणी केली, कधी केली आणि ती नेमकी कुठे मोडते, हे शोधत बसायचं. या दोन पाट्यांच्या बाबतीतही तेच झालं. जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावंसं वाटलं, कारण यातल्या एका शब्दाचा माग काढत गेलं की वाट आपल्याच राज्यातल्या मलागा गावावरून मुंबईला पोचते, आणि दुसऱ्याचा माग काढला की शेजारच्या पेनसिल्व्हेनियातून थेट होळकरांच्या इंदूरला.

फिलाडेल्फियाचे शाकाहारी

शाकाहार या देशात आपण आणला, असा आपल्यापैकी अनेकांचा एक गोड समज असतो. तो खरा नाही. १८१७ मध्ये रेव्हरंड विल्यम मेटकाफ नावाचे धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या सॅलफर्डहून आपल्या पंथाची चाळीसएक माणसं घेऊन फिलाडेल्फियात उतरले. पंथाचं नाव 'बायबल ख्रिश्चन चर्च'. मांस आणि दारू दोन्ही वर्ज्य. 'व्हेजिटेरियन' हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. अशा जेवणाला 'पायथागोरसचा आहार' म्हणत. पुढे १८५० च्या मे महिन्यात मेटकाफ, डॉक्टर विल्यम ऑलकॉट आणि कोंड्यासकट पिठाच्या भाकरीचा प्रचार करणारे सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी' काढली. आपण चहाबरोबर मुलांना देतो त्या ग्रॅहम क्रॅकरचं नाव याच ग्रॅहम यांच्यावरून आलं.

दूधही सोडणारे लोक तेव्हाही होते. १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड नावाच्या खेड्यात ब्रॉन्सन ऑलकॉट यांनी 'फ्रूटलँड्स' ही वसाहत थाटली. लेखिका लुइझा मे ऑलकॉट यांचे हे वडील. तिथे मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. लोकर नको, कारण ती मेंढीची. कापूस नको, कारण तो गुलामांच्या घामाचा. जूनमध्ये सुरू झालेली वसाहत हिवाळा लागल्यावर मोडली. सातएक महिन्यांचाच संसार. तत्त्व पक्कं होतं, पण साठवणीचं धान्य कमी पडलं.

रोझेलची पाहुणी

याच भूमीवर १८८३ च्या जून महिन्यात एक अठरा वर्षांची मराठी मुलगी उतरली. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची कथा आपल्याला पाठ आहे. पण ती जेवणाच्या बाजूने आपण क्वचितच वाचतो. एडिसनहून गाडीने फार तर अर्ध्या तासावर रोझेल आहे. तिथल्या थिओडिसिया कारपेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना मिशनऱ्यांचं एक जुनं मासिक चाळत होत्या. त्यात त्यांना गोपाळराव जोशांचं पत्र दिसलं. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिलं आणि त्यातून मावशी-भाचीचं नातं जुळलं.

कलकत्त्याहून निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी सेरामपूरला जाहीर भाषण केलं होतं. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांचा शब्द होता. हा शब्द पाळायचा म्हणजे रोज, तिन्ही त्रिकाळ, ताटात काय पडतं हे पाहायचं. बोटीवर खाण्याचे हाल झाले. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमी, रसायन, प्रसूतिशास्त्र यांचा अभ्यास करायचा, आणि परक्या थंडीत शाकाहारही सांभाळायचा. तेव्हा ना ओक ट्री रोड होता, ना फ्रोझन पराठे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नव्हता. म्हणजे एका सभागृहात दोन मराठी बायका, दोन धर्मांच्या, पण ताट एकच. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांची रक्षा कारपेंटर बाईंनी पोकीप्सीच्या आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली.

योगायोग असा, की त्याच १८८६ साली, त्याच फिलाडेल्फियात, मेटकाफ यांच्याच पंथातल्या हेन्री क्लब यांनी 'व्हेजिटेरियन सोसायटी ऑफ अमेरिका' स्थापन केली. म्हणजे आनंदीबाई ज्या शहरात शाकाहाराचं व्रत चालवत होत्या, त्याच शहरात सत्तर वर्षांपूर्वीपासून मांस न खाणारं एक चर्च उभं होतं. शाकाहार हा 'त्यांचा' आणि 'आपला' असा वेगळा काढता येत नाही, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं.

मुंबईचा बाप, मलागाचा मुलगा

आता 'व्हेगन' हा शब्द. तो १९४४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये जन्माला आला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर मित्रांना शाकाहारी सोसायटीत दूध न घेणाऱ्यांची वेगळी चूल हवी होती. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून त्यांनी हे नाव केलं. मधला सगळा मजकूर काढून टाकायचा आणि डोकं-शेपूट ठेवायचं. सॉफ्टवेअरवाले आम्ही रोज हेच करतो!

अमेरिकेत हा विचार घट्ट रुजवला तो मात्र एका पारशी घराने. दिनशा घडियाली हे मूळचे मुंबईचे, जन्म १८७३ चा. १९११ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि पुढे दक्षिण न्यू जर्सीतल्या मलागा या छोट्या गावी राहिले. रंगीत दिव्यांच्या प्रकाशाने रोग बरे करण्याचं 'स्पेक्ट्रो-क्रोम' नावाचं यंत्र ते विकत. वैद्यकाच्या जगाने त्यांना भोंदू ठरवलं, आणि १९४७ मध्ये सरकारी खटल्यात ते दोषीही ठरले. इंजिनिअर म्हणून मी त्या यंत्राची वकिली करणार नाही. पण त्या घरातलं जेवण शाकाहारी होतं, आणि तिथे १९३३ मध्ये जन्मलेला मुलगा पुढे वेगळ्याच कारणाने नाव काढणार होता.

त्या मुलाचं नाव एच. जय दिनशा. १९५७ मध्ये हा तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण फिलाडेल्फियातला एक कत्तलखाना पाहायला गेला. तिथून परतल्यावर त्याने दूध-अंडीही सोडली. १९६० च्या फेब्रुवारीत त्याने मलागातूनच 'अमेरिकन व्हेगन सोसायटी' सुरू केली. संस्थेच्या मुखपत्राचं नाव होतं 'अहिंसा', आणि चाळीस वर्षं ते त्याच नावाने निघालं. इंग्रजी 'अहिंसा' शब्दाच्या एकेका अक्षरापासून त्याने सहा तत्त्वं बांधली होती. प्राणिजन्य पदार्थांचा त्याग हे पहिलं. मग कोणालाही इजा न करणं, मन-वाणी-कर्माचा प्रामाणिकपणा, स्वतःवरचा ताबा, सेवा, आणि ज्ञान व सत्य यांचा प्रसार. वाचताना पातंजल योगातले यमनियम आठवतात. पत्नी फ्रेया आणि जय दिनशा यांनी पत्रकं छापली, वर्ग घेतले, देशभर व्याख्यानं दिली. १९७५ मध्ये मेन राज्यातल्या ओरोनोला जागतिक शाकाहारी परिषद भरली, तिच्यामागे त्यांनी आदल्या वर्षी उभी केलेली 'नॉर्थ अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी' होती. २००० मध्ये जय दिनशा वारले. आपण सुटीत अटलांटिक सिटीला जातो, तेव्हा त्यांच्या गावापासून फार दूर नसतो.

दुधाचा वाद आपल्याकडेही जुनाच आहे. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे हिंदुस्थानात आल्यावर मोठ्या दुखण्यातून उठताना डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. कस्तुरबांनी तोड सुचवली, की व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. १९१९ मध्ये मुंबईत गांधीजी शेळीचं दूध घेऊ लागले, आणि ही तडजोड आपल्याला बोचते असं त्यांनी लिहूनही ठेवलं.

इंदूरचं खत

दुसऱ्या पाटीची कुळकथा मला अधिक जवळची वाटते, कारण ती रसायनाची आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषिसंस्थेत आले. शेतकऱ्याला शिकवायला आलेला हा माणूस शेतकऱ्याकडूनच शिकत गेला. शेतकरी आणि पिकांवरची कीड हे आपले प्राध्यापक, असं तो म्हणे. १९२४ मध्ये इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. होळकर दरबाराने तिला तीनशे एकर जमीन दिली होती. तिथे हॉवर्ड यांनी सात वर्षं शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. काडीकचरा आणि पाला यांचा थर, त्यावर शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख, पुन्हा काडीकचरा. पाणी शिंपडायचं, ठरावीक दिवसांनी ढीग पलटायचा, की तीनएक महिन्यांत काळंभोर खत तयार. जगभर ही कृती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते.

१९३१ मध्ये या कामावर ऑक्सफर्डने पुस्तक छापलं. मुखपृष्ठावर लेखक दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे त्या संस्थेत रसायनाचं काम पाहत. नावावरून तर अगदी आपल्यातले! कार्बन-नायट्रोजनचं गणित, ओलावा, ढिगातली उष्णता यांच्या नोंदींवर ही पद्धत उभी राहिली. हॉवर्ड पुढे 'सर' झाले, आणि त्यांचं नाव ऑरगॅनिक शेतीच्या प्रत्येक इतिहासात येतं. वाड यांचं नाव पहिल्या पानावर छापलेलं असूनही बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

१९४० मध्ये हॉवर्ड यांचं शेतीवरचं दुसरं मोठं पुस्तक आलं. ते पेनसिल्व्हेनियातल्या इमॉस गावच्या जे. आय. रोडेल यांच्या हाती पडलं. रोडेल मूळचे न्यूयॉर्कचे, धंद्याने विजेच्या सामानाचे कारखानदार आणि हौसेने प्रकाशक. त्यांनी इमॉसजवळ शेत घेतलं होतं. इंदूरचं खत त्यांनी तिथे करून पाहिलं, आणि १९४२ मध्ये 'ऑरगॅनिक फार्मिंग अँड गार्डनिंग' हे मासिक सुरू केलं. हॉवर्ड त्याचे सहसंपादक होते. सुरुवातीला शेतकरी हसले. रासायनिक खतांच्या त्या काळात शेणाचे ढीग पलटायला सांगणारा माणूस वेडाच ठरणार. पण मासिक टिकलं, आणि 'ऑरगॅनिक' हा शब्द अमेरिकन घराघरांत शिरला तो मुख्यतः त्यातून. रोडेल यांची संशोधन संस्था आज जवळच्या कुट्झटाउनला आहे. तिथे १९८१ पासून ऑरगॅनिक आणि रासायनिक शेती शेजारी शेजारी करून तुलना चालू आहे.

शब्द लोकप्रिय झाला की त्याच्या नावाने काहीही विकलं जातं. म्हणून १९९० मध्ये काँग्रेसने ऑरगॅनिक अन्नाचा कायदा केला. नियम ठरायला दहा वर्षं लागली, आणि ते पुरते अमलात आले ऑक्टोबर २००२ मध्ये. त्यात खताचाही नियम आहे. शेण घातलेल्या खताचा लांब ढीग लावला, तर तो पंधरा दिवस १३१ ते १७० अंश फॅरनहाइट तापला पाहिजे आणि तेवढ्यात किमान पाच वेळा पलटला पाहिजे. हा नियम वाचला आणि मला इंदूरचा तो ढीग डोळ्यांपुढे दिसला.

दोन पाट्यांचं भांडण

इथवर दोन्ही कथा सरळ चालल्या. गाठ पडते ती फूड कोर्टाच्या त्या फळ्यावर, जिथे हे दोन शब्द शेजारी शेजारी सुखाने नांदताना दिसतात. मुळाशी गेलं तर ते नांदत नाहीत.

ऑरगॅनिकच्या मुळाशी शेण आहे. इंदूरचं खत गोठ्याशिवाय होत नव्हतं. अमेरिकन नियमांनुसार ऑरगॅनिक भाजीला शेणखत तर चालतंच, शिवाय हाडांची आणि रक्ताची भुकटीही चालते. म्हणजे हिरव्या पानाच्या शेजारी मिरवणारी ती केलची भाजी कदाचित कत्तलखान्याच्या अवशेषांवर पोसलेली असेल. उलट व्हेगन पदार्थ ऑरगॅनिक असायलाच हवा असं मुळीच नाही. तेलात तळलेले, मीठ लावलेले बटाट्याचे वेफर व्हेगनच की! आणि ऑरगॅनिक दूध, ऑरगॅनिक कोंबडी हे तर रोज विकलं जातं. ऑरगॅनिक हा शब्द मातीबद्दल बोलतो, व्हेगन हा जिवाबद्दल. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणखी एक फरक. ऑरगॅनिक शब्दामागे कायदा आहे, तर व्हेगन शब्दाची सरकारी व्याख्या या देशात नाही. पण कायद्यालाही पळवाट आहे. डब्यावर 'ऑरगॅनिक' लिहायचं तर आतले ९५ टक्के घटक तसे लागतात, उपाहारगृहांना मात्र प्रमाणपत्राची सक्ती नाही. वॉशिंग्टनच्या 'रेस्टॉरंट नोरा'ने १९९९ मध्ये आपण होऊन ते मिळवलं आणि देशातलं पहिलं प्रमाणित ऑरगॅनिक रेस्टॉरंट ठरलं. २०१७ मध्ये ते बंद झालं. बाकी बहुतेक ठिकाणी आपण फळ्यावरच्या खडूवर विश्वास ठेवतो.

विश्वासाने काय होतं हे आपल्या समाजाने एकदा पाहिलं आहे. १९९० मध्ये मॅकडॉनल्ड्सने जाहीर केलं, की फ्रेंच फ्राइज आता वनस्पती तेलात तळू. शाकाहारी मंडळी निर्धास्त झाली. 'नॅचरल फ्लेवर' या दोन शब्दांआड गोमांसाचा अर्क आहे, हे कळल्यावर २००१ मध्ये सिएटलमध्ये खटला झाला. तिकडे मुंबईत निदर्शनंही झाली, जरी भारतातल्या फ्राइजमध्ये तसं काही नाही असं कंपनीने सांगितलं होतं. २००२ मध्ये कंपनीने क्षमा मागितली आणि शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. मी त्याच वर्षी विद्यार्थिनी म्हणून इथे आले. तेव्हापासून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचण्याची सवय जी लागली ती सुटलेली नाही.

काउंटरवर काय विचारावं

आता थोडं व्यवहाराचं. आमच्या लेकीबरोबर त्या दुकानात अनेकदा जेवून जे शिकलो ते असं. भाज्यांचं सूप बहुधा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मध असतो. व्हेजी बर्गरची टिक्की बांधायला अंडं, आणि पावावर लोण्याचा हात. थाई भाजीत माशाचं सॉस. राजम्याच्या लगद्यात कधी डुकराची चरबी. 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्येसुद्धा केसीन हे दुधाचं प्रथिन असू शकतं. म्हणून 'हे व्हेगन आहे का' एवढंच विचारू नये. 'यात दूध, अंडं, मध, मांसाचं पाणी आहे का' असं एकेक नाव घेऊन विचारावं. प्रश्न नेमका असला की उत्तर नेमकं मिळतं. काउंटरवरचा कॉलेजातला पोरगा गोंधळला, तर त्याच्याकडे अॅलर्जीचा तक्ता मागावा. अॅलर्जीचा कायदा २००६ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून डबाबंद मालावर दूध-अंडं असेल तर साध्या शब्दांत लिहावंच लागतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी लढलेल्या आईबापांनी नकळत व्हेगन मुलांचंही भलं केलं.

आणि एक गोष्ट पाटीवर कधीच लिहिलेली नसते. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. ते १९४८ मध्ये, म्हणजे 'व्हेगन' शब्दानंतर चार वर्षांनी, वेगळं काढता आलं. आपली मुलं या वाटेने जात असतील तर डॉक्टरांना विचारून त्याची गोळी जरूर द्यावी. तत्त्व पक्कं असूनही फ्रूटलँड्सचं काय झालं, ते आपण पाहिलं.

घरातलं ताट

खरा प्रश्न फूड कोर्टात सुटतो, घरात सुटत नाही. गेल्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिचं बालपण कोकणातलं, दारी गोठा असलेलं. नातीने वरणभातावर तूप नको म्हटल्यावर ती दुखावली. "अगं, वासराला पाजून उरलेलं दूध आपण घेतो. यात कसली हिंसा?" नात म्हणाली, "आजी, तुमच्या गोठ्यात तसं असेल. इथल्या डेअरीत वासरू जन्मलं की एक-दोन दिवसांतच आईपासून वेगळं करतात. वाटलं तर मी तुला दाखवते." आई काही बोलली नाही. तिच्या दृष्टीने तूप हा केवळ पदार्थ नव्हता. आजीने नातीला काहीतरी द्यायचं असतं, आणि तिच्याकडे देण्यासारखं तेच होतं.

दोघींचं खरं होतं. आईचा गोठा खरा होता, आणि लेकीची डेअरीही खरी आहे. जय दिनशांची 'अहिंसा' आणि आईची अहिंसा यांत फरक एवढाच, की एक गाय बघून शिकलेली आणि दुसरी गाय न दिसणाऱ्या देशात शिकलेली.

तोडगा आईनेच काढला. आठवडाभराने तिने ताकाऐवजी सोलकढी केली. आमसुलं आणि नारळाचं दूध, वर कोथिंबीर. मग एकेक आठवत गेलं. पिठलं-भाकरी, तेलावरचं थालीपीठ, भरली वांगी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, दाण्याची चटणी, ठेचा, तिळाची वडी. यांतल्या कशालाच दूध लागत नाही. हे 'व्हेगन जेवण' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिजतंय, त्याला वेगळं नाव द्यायची गरज पडली नव्हती एवढंच. दूध-तूप रोज ताटात असणं हे आपल्या पूर्वजांपैकी फार थोड्या घरांचं भाग्य होतं. बाकीच्यांनी सणापुरतं तूप पाहिलं. लेकीने ते सगळं खाल्लं आणि आजीकडून सोलकढी लिहूनही घेतली.

म्हणून मंडळाच्या भोजन समितीला एक नम्र सूचना. आपल्या कितीतरी घरांत आता एखादं तरी मूल दूध सोडलेलं आहे, आणि गणपतीच्या पंगतीत ते नुसता भात घेऊन कोपऱ्यात बसतं. येत्या गणेशोत्सवात वरणाचं एक पातेलं तुपाविना वेगळं ठेवावं, मठ्ठ्याशेजारी सोलकढी ठेवावी आणि पुढे पाटी लावावी. पाटी मराठीत असावी, एवढा माझा आग्रह. तिच्यावर शब्द कोणता लिहायचा यावर समितीच्या बैठकीत दोन तास वाद होईल, याची मला खात्री आहे. त्या बैठकीला मी येईन, आणि लेकीलाही घेऊन येईन.